८०० ग्रॅम आणि एक अंगठा

क्लॅरोनेटवाला गर्दीत ओळखायचा असेल तर त्याचा उजवा अंगठा बघावा. नख आणि पहिला सांधा यांच्या मधे, कडेला, घट्टा पडलेला असतो. फार वर्षं वाजवलेल्या माणसाला तर तिथं बोटानं चाचपता येईल असा खळगा असतो. आमच्या बेळगावात बँडमध्ये आयुष्य काढलेली माणसं तो घट्टा अभिमानानं दाखवतात आणि त्यांचा अभिमान मला पुरता पटतो. पण घट्टा पडतो तो कातडीला. कातडीच्या आत एक सांधा आहे, अंगठा उचलून धरणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, आहेत, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच दिशेनं टांगलेलं वजन आहे. त्या आतल्या भागाकडे कुणी बघत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

लाकडी बी-फ्लॅट क्लॅरोनेट साधारण ७५० ते ८५० ग्रॅम भरतं. किलोभर साखरेच्या पुड्याहूनही कमी, त्यामुळे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही की ह्यानं हात निकामी होतो. पण हे वजन कुठं पडतं ते बघा. डावा अंगठा मागच्या भोकावर आणि रजिस्टरच्या, म्हणजे सूर वरच्या पट्टीत नेणाऱ्या, चावीवर सतत फिरत असतो, त्याला वजन धरायला सवडच नाही. बाकीची बोटं भोकं झाकायला आणि चाव्या दाबायला. राहिला उजवा अंगठा. खालच्या जोडाच्या मागं एक छोटा आकडा असतो, त्याला थंबरेस्ट म्हणतात. त्या आकड्याखाली अंगठा, आणि वर तोंडात माउथपीस. सगळं वाद्य या दोन टेकूंवर. त्यातही सगळी बोटं उचलून वाजतो तो मोकळा जी घ्या. त्या क्षणी वाद्याला एकही बोट लागलेलं नसतं, फक्त अंगठा आणि दात. अनुभवी माणूस तेव्हा उजव्या हाताची बोटं मुद्दाम खाली ठेवतो. सुराला फारसा धक्का लागत नाही आणि वाद्य डगमगत नाही. मास्तर हे 'सफाई' म्हणून शिकवतात, पण मूळ कारण वजनाचं आहे.

भरलेली घागर कमरेवर घेतली तर बाई बोलत बोलत विहिरीवरून घरी येते. तीच घागर एका बोटात कडी अडकवून आणायला सांगितली तर पंधरा पावलांत बोट मोडेल. पाणी तितकंच, घागर तीच. स्नायू आखडून एकाच अवस्थेत धरून ठेवला की त्यातलं रक्ताचं वाहणं मंदावतं. हलणारा हात दमतो आणि पुन्हा ताजा होतो. नुसता धरून ठेवलेला हात दमतच जातो. १९७७ साली कूनी आणि चाओ या संशोधकांनी अंगठ्यावरच्या जोराचा हिशेब मांडला होता. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ जो सांधा आहे, त्याच्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो असं त्यांचं गणित. क्लॅरोनेट धरणं म्हणजे हुबेहूब चिमूट नव्हे, पण तरफेचा नियम सगळीकडे एकच. जोर टोकाशी लागतो, भोग मुळाला येतो.

माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. दिवसा लेथवर हायड्रॉलिकचे सुटे भाग, संध्याकाळी क्लॅरोनेट. शिकवलं ते मराठा रेजिमेंटच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका सुभेदार काकांनी. रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे आमच्याकडे गल्लोगल्ली कुणी ना कुणी फौजी निघतोच, आणि त्यातला एखादा बँडमधला. काका कडक. पाठ ताठ, कोपर अंगापासून सुटलेलं, वाद्य पोटाशी तीस-चाळीस अंशांत. ते सांगायचे, "अंगठा फक्त टेकू आहे, पकड नव्हे. पकडलंस की बोटं मेलीच." त्या वाक्याचं मोल मला पुढं मनगट धरल्यावर कळलं.

दुखणं सुरू झालं ते मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला. आधी पेटी उचलताना कळ, मग चावी फिरवताना, मग दाढी करताना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत दाबायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं, आणि मी ओरडलोच. ही चाचणी बहुधा फिंकेलस्टाइनच्या नावानं ओळखतात. दुखण्याचं नाव डी क्वेर्व्हेन. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जननं १८९५ साली त्याचं वर्णन केलं. अंगठा बाहेर आणि वर उचलून धरणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद म्यानातून जातात. त्या म्यानाला सूज आली की प्रत्येक हालचाल घासून होते. लहान बाळाला सतत उचलून घेणाऱ्या आयांना हे हमखास होतं. क्लॅरोनेटचं वजन अंगठ्याला ज्या बाजूला ढकलतं, बरोबर त्याच्या विरुद्ध ओढत राहण्याचं काम ह्या दोन कंडरांचं.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, वाजवणं सोडा. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढं एक सुजलेली कंडरा होती आणि तिला त्रास देणारं एक बिनमहत्त्वाचं काम होतं. पुढं एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी हात तपासायच्या आधी विचारलं, "वाद्य आणलंय का?" नव्हतं आणलं. "मग उद्या घेऊन या. तुम्ही ते धरता कसं, हे बघितल्याशिवाय मी हाताबद्दल काय सांगू?" माझ्या मते हाताच्या दुखण्यावरचा खरा उपचार ह्या प्रश्नापासून सुरू होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाजवताना बाजूनं, मागनं, खाली बसून बघितलं. अंगठ्याला पट्टा दिला, काही आठवडे विश्रांती दिली, व्यायाम दिले, आणि म्हणाल्या, "हात मी बरा करते. वजनाचं तुम्ही बघा, तुमच्याकडे लेथ आहे."

तिथून मी या वाद्याच्या वजनाचा माग काढायला लागलो. क्लॅरोनेट साधारण १७०० च्या सुमारास जर्मनीत न्यूरेंबर्गला जन्मलं. योहान क्रिस्टोफ डेनर या वाद्यकाराचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तेव्हाचं वाद्य बॉक्सवूडचं, दोन-तीन चाव्यांचं, हलकं. त्याला थंबरेस्ट नव्हता, कारण गरजच नव्हती. पुढं चाव्या वाढत गेल्या. १८३९ मध्ये पॅरिसला क्लोझे आणि ब्यूफे यांनी जी रचना लोकांपुढं मांडली आणि १८४४ मध्ये जिचं पेटंट घेतलं, ती आज बोएम पद्धत म्हणून जगभर चालते: सतरा चाव्या आणि भोकांभोवतीच्या सहा कड्या. लाकूडही बदललं. आफ्रिकन ब्लॅकवूड आलं, जे पाण्यात टाकलं तर तरंगत नाही, बुडतं. ह्या सगळ्या प्रवासात थंबरेस्ट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि जवळजवळ तसाच राहिला. सूर सुधारायला, बोटं सोपी करायला दीडशे-दोनशे वर्षं मोठमोठ्या माणसांनी डोकं चालवलं. वाद्य वाढत गेलं, अंगठा मात्र तेवढाच, आणि एकच. माझ्या मनात हे पक्कं बसलंय की अंगठा दुखतो तो वाजवणाऱ्याच्या नाजूकपणामुळं नव्हे. वाद्याच्या घडणीत राहून गेलेली एक उणीव तो अंगठा आयुष्यभर भरून काढत असतो.

आणि आमच्याकडचा वाजवणारा कोण? कॉन्सर्टच्या खुर्चीवर बसून दीड तास वाजवणारा नव्हे. आमच्या सीमाभागातला बँडवाला उभ्यानं आणि चालत वाजवतो. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघितलेल्यांना माहीत आहे, ती रात्री सुरू होते आणि पहाट होते. अनंत चतुर्दशीला गणपती कपिलेश्वर तलावाकडे निघतात, ते दुसऱ्या दिवशीही पोचत असतात. डॉल्बीनं बँडचं बरंच काम खाल्लं, तरी लग्नाच्या वराती आहेत, गावोगावच्या जत्रा आहेत. तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू. आज खानापूर, उद्या निपाणी, परवा हल्याळ. एका मांडवात मराठी मंगलाष्टकं, दुसऱ्या मांडवात कन्नड लग्न, बँड तोच, वर्दी तीच.

शिवाय हा माणूस दिवसा रिकामा नसतो. कुणी शहापूर-वडगावात पॉवरलूमवर, कुणी फौंड्रीत, कुणी शेतात. वडगावचे एक मामा आमच्याबरोबर वाजवतात. दिवसभर मागावर तुटलेल्या ताराची गाठ मारायची, तीही अंगठा आणि तर्जनीनंच. संध्याकाळी त्याच अंगठ्यावर क्लॅरोनेट. एकदा तालमीत ते प्रत्येक गाण्यानंतर हात झटकायला लागले.

"मामा, अंगठा दुखायलाय व्हय?"

"दुखायलाय की. खरं सांगायचं कुणाला? मास्तरांस्नी कळलं तर सुपारीला बोलवायचं बंद करतील."

ह्या एका उत्तरात सगळं आलं. पोटाचा प्रश्न आहे, म्हणून दुखणं लपवायचं. लपवलं म्हणून वाढायचं. वाढलं की एक दिवस बोटंच ऐकेनाशी होणार. मी त्यांना गळ्यातल्या पट्ट्याबद्दल सांगितलं तेव्हा ते तोंड फिरवून म्हणाले, "दोरी बांधून वाजवू काय आता?" त्यांच्या शेजारीच सॅक्सोफोनवाला उभा होता, गळ्यात पट्टा अडकवून. ढोलवाल्याच्या दोन्ही खांद्यांवर पट्टे होते. बासून नावाचं लांबलचक वाद्य वाजवणारे लोक आसनाखालून पट्टा घेतात. क्लॅरोनेटचाच थोरला भाऊ बेस क्लॅरोनेट, त्याला खाली टेकायला खुंटी असते. त्यांना कुणी कमी लेखत नाही. मग धाकट्याला आधार दिला तर काय बिघडलं? मामांनी ऐकून घेतलं, बोलले काही नाहीत.

आता आधाराचं बोलतो, कारण त्याच्यासाठीच एवढं लिहिलं.

पहिलं आणि सगळ्यांत स्वस्त काम म्हणजे थंबरेस्टची जागा बदलणं. उजवा हात खांद्यापासून सैल सोडा, लोंबू द्या, आणि बोटं हलकेच वळवा. अंगठा आपोआप तर्जनीच्या समोर, फार तर तर्जनी-मधल्या बोटाच्या मधे येतो. ती त्याची नैसर्गिक जागा. जुन्या वाद्यांवर थंबरेस्ट बहुतेक वेळा त्याच्या खाली असतो, म्हणून अंगठा खाली खेचला जातो आणि मनगट वाकतं. तो थोडा वर सरकवला की कित्येकांचं निम्मं दुखणं जातं. नव्या वाद्यांत वरखाली सरकणारा थंबरेस्ट मिळतो. जुन्यावर मी २ मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी करतो, तिला लांबट खाच पाडतो, आणि ती मूळ स्क्रूंच्या भोकांवरच बसवतो. पट्टीखाली कॉर्कचा पातळ तुकडा, म्हणजे लाकूड घासत नाही. नवीन भोक पाडायचं नाही, हे मी प्रत्येकाला बजावतो. ब्लॅकवूड कडक खरं, पण तडकणारं लाकूड आहे. आपल्याकडे जूनपासून पाऊस, मार्चपासून कोरडा वारा. त्यात चुकीच्या जागी ड्रिल मारलं किंवा स्क्रू खोल गेला तर भेग थेट बोअरपर्यंत, म्हणजे आतल्या पोकळ नळीपर्यंत, जाते.

दुसरा प्रकार आकड्याचा आकारच बदलण्याचा. टॉन कोयमन नावाच्या डच क्लॅरोनेटवादकानं असे थंबरेस्ट काढले, ज्यांत वजन अंगठ्याच्या टोकाऐवजी मागं, हाताच्या जवळच्या हाडावर येतं. तरफ आखूड झाली की मुळावरचा जोर कमी, इतकं साधं तत्त्व. वस्तू उत्तम आहे, आपल्या बँडवाल्याच्या खिशाला महाग आहे. तत्त्व मात्र फुकट आहे. आकड्याला आतून मऊ, रुंद, खोगिरासारखं वळण दिलं आणि अंगठा थोडा जास्त आत घेतला तरी फरक पडतो. फक्त एक बघावं लागतं: अंगठा फार आत गेला की बाकीची बोटं भोकांवर तिरकी पडतात आणि खालचे सूर गळायला लागतात. प्रत्येकाचा हात बघूनच हे ठरतं. सगळ्यांना एकच माप चालणार नाही.

चालत वाजवायचं असेल तर गळ्यातला पट्टा. याला पर्याय नाही, कारण मिरवणुकीत खाली टेकायला काही नसतं. थंबरेस्टला कडी असली तर पट्ट्याचा हूक तिच्यात अडकतो. नसली तर चामड्याची छोटी पट्टी खाच पाडून आकड्यावर चढवायची. पट्टा ताणणारा की न ताणणारा, यावर बँडवाल्यांत भांडणं होतील इतकी मतं आहेत. ताणणारा इलॅस्टिकचा पट्टा हातांना मोकळीक देतो, हलताना झोका खातो, पण आखूड बांधला तर वाद्य वर ओढून दातांवर आपटवतो. न ताणणारा वजन पुरतं घेतो, पण लांबी जरा चुकली की मान पुढं येते. मला बसून वाजवताना न ताणणारा आणि चालताना ताणणारा बरा वाटतो. लांबी कशी ठरवायची? पट्टा लावून, माउथपीस तोंडात घेऊन, अंगठा हळूच काढून बघा. वाद्य जागेवर राहिलं पाहिजे, ओठांवर ना चढलं पाहिजे ना खाली सरकलं पाहिजे. सुरुवातीला वाद्य सुटल्यासारखं वाटतं. अंगठा इतकी वर्षं वाद्याला वर, दातांकडेही रेटत असतो आणि तोंडाला त्या रेट्याची सवय झालेली असते. थोडे आठवडे दिले की तोंड स्वतःचं काम स्वतः शिकतं. माझा आवाज त्यानंतर मोकळा झाला, असं सुभेदार काकांनीच सांगितलं, आणि ते उगाच गोड बोलणाऱ्यांतले नव्हेत.

मानेचं दुखणं असलेल्याला मात्र गळ्यातला पट्टा देऊ नये. अंगठा वाचवून मान घालवण्यात काय अर्थ? त्यांना सॅक्सोफोनवाल्यांसारखा दोन्ही खांद्यांवरून येणारा, पाठीवर फुली घेणारा पट्टा हवा.

बसून वाजवणाऱ्यासाठी सगळ्यांत सुख दांडीत आहे. दोन नळ्या, एकीत एक सरकणाऱ्या, मधे आवळायचा स्क्रू, खाली रबराची टोपी. वरचं टोक थंबरेस्टला अडकतं आणि खालचं खुर्चीवर दोन मांड्यांच्या मधे टेकतं. वजन सरळ खुर्चीत जातं. अंगठा तेव्हा वाद्य फक्त सांभाळतो, उचलत नाही. बाहेर अशा दांड्या तयार मिळतात. मी ॲल्युमिनियमच्या नळीत करतो, म्हणजे वाद्यावर उगाच भार नको. आपल्याकडे तर खुर्चीही नसते. भजनाला, बैठकीला आपण मांडी घालून बसतो. रायचूरकडचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी या वाद्यावर हिंदुस्तानी ख्याल गायकी आणली, तमिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी ते कर्नाटक संगीताच्या मंचावर बसवलं. दोघांच्या परंपरेत बैठक जमिनीवरचीच. जमिनीवर बसणाऱ्याला दीड-दोन वीत लांबीची दांडी पुरते. ती सतरंजीवर घसरते, म्हणून खाली लाकडी पाटाचा तुकडा ठेवतो आणि त्याला उथळ खळगा करतो. परदेशी वस्तूत हा विचार नसणारच, तो आपण करायचा.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, वाद्य गुडघ्यावर टेकवावं. टेकवावं, जरूर टेकवावं. दुखऱ्या दिवशी मीही टेकवतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. बहुतेक सूर भोकांतून बाहेर पडतात, त्यांना बेल, म्हणजे वाद्याचं खालचं फुललेलं तोंड, झाकली तरी फारसं काही होत नाही. सगळ्यांत खालचा ई आणि त्याच बोटांनी वरच्या रजिस्टरात निघणारा बी मात्र बेलमधूनच निघतात. बेल मांडीत रुतली की ते दोन सूर गुदमरतात. दुसरं, उंच माणसाला गुडघ्यापर्यंत वाद्य न्यायचं तर पाठीला पोक काढावं लागतं.

वाद्यच हलकं घेणं हाही मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. चांगल्या प्लॅस्टिकचं वाद्य लाकडी वाद्याहून शंभरेक ग्रॅमनं हलकं असतं. गणपती आपल्याकडे ऐन पावसात येतात, लाकूड फुगतं, चाव्यांखालचे पॅड भिजतात. तेव्हा मिरवणुकीला प्लॅस्टिक आणि बैठकीला लाकूड अशी विभागणी लाकडालाही मानवते आणि हातालाही. अंगठा फारच गेला असेल तर ई-फ्लॅट हे छोटं क्लॅरोनेटही आहे. आवाज चिरका लागू शकतो, पण फौजी बँडमध्ये त्याला मानाची जागा असते आणि वरातीच्या गोंगाटात ते छान उठून येतं.

लहान मुलांबद्दल थोडं जास्त बोलावंसं वाटतं. हल्याळकडची एक मुलगी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरोनेट शिकते. तिचे वडील तिला माझ्याकडे घेऊन आले. "बोटं फार लवचीक आहेत हिची," ते कौतुकानं म्हणाले. तिनं वाद्य धरलं आणि मी बघत राहिलो. वजनानं तिच्या अंगठ्याचा पहिला सांधा मागच्या बाजूला पुरता वळला होता. लवचीक सांध्यांच्या मुलांना आधी काही दुखत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही; सांधा मात्र आपल्या मर्यादेच्या टोकाला लटकून असतो. तिला मी त्याच दिवशी पट्टा दिला आणि थंबरेस्टवर जाड रबर चढवलं. तिनं विचारलं, "काका, मोठी झाले की काढायचा का हा?" मी म्हटलं, "काढायचं काही कारण नाही बाळा. चष्मा लागलेला माणूस मोठा झाला की चष्मा काढतो का?" लहान हातांना पहिल्या दिवसापासून पट्टा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. आपण मुलांना शाळेचं दप्तर हलकं करा म्हणून ओरडतो आणि बँडच्या तासाला त्यांच्या एका अंगठ्यावर अख्खं वाद्य टांगतो.

डाव्या हाताचं दुखणं वेगळं. तिथं वजन नाही, तिथं ताण आहे. करंगळीच्या चाव्या लांब पडतात, मग मनगट वाकतं. चावीवर कॉर्कचा थर देऊन ती उंच केली किंवा टोकाला थोडी लांबवली तर करंगळीला पोचता येतं. बोटांची पेरं जाड होऊन भोकं झाकेनाशी झाली तर भोकांवर झाकणं असलेली वाद्यंही बनतात. ब्रिटनमध्ये तर ओहमी नावाची संस्था एका हातानं वाजवता येतील अशा वाद्यांसाठीच काम करते. ज्याला एकच हात आहे त्याच्यासाठी जगात कुणी वाद्य घडवतंय, आणि आपण नुसता अंगठा दुखतो म्हणून माणसाला बँडमधून उठवतो, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

आधार म्हणजे औषध नव्हे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, बोटांना रात्री मुंग्या येत असतील, एखादं बोट स्वतःच्या मनानं वळत असेल, तर ती तीन वेगळी दुखणी आहेत आणि ती ओळखणं डॉक्टरांचं काम आहे. मुंग्या म्हणजे मनगटातली नस दबलेली असू शकते. बोट ऐकत नसेल तर ते मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेचंही असू शकतं. वेदनाशामक गोळी घेऊन मिरवणूक वाजवायची सवय आमच्याकडे फार आहे. गोळी कळ थांबवते, घासणं थांबवत नाही. आणि बँडमास्तरांना हात जोडून एवढं मागतो: दोन-तीन गाण्यांनंतर एक गाणं ट्रम्पेटवर, सॅक्सोफोनवर काढा, तेवढा वेळ क्लॅरोनेटवाल्याला वाद्य काखेत धरू द्या. ह्याला एक रुपयाही लागत नाही.

वडगावच्या मामांचं सांगायचं राहिलं. ते एका संध्याकाळी उद्यमबागेत आले, मागावरून थेट, अंगावर कापसाची तुसं. "ते काय म्हणत होतास ते दाखव बघू." त्यांना मी आधी दांडी लावून दिली. ते मशीनशेजारच्या स्टुलावर बसले, एक भूप काढला, आलाप संपवून दुसरा घेतला, आणि थांबायलाच तयार होईनात. मग त्यांनी विचारलं ते मिरवणुकीचं: "बसून झालं रे. चालायचं कसं?"

तिथं अजून अडकलो आहे. बँडच्या वर्दीला उभी कॉलर असते, खांद्यावर झालरी असतात. बाजारातला पट्टा कॉलरवरून सरकतो, झालरीत अडकतो, आणि मामांना तो वर्दीवरून दिसायलाही नको आहे. म्हणून पट्टा वर्दीच्या आतून घ्यायचा, खांद्यांवर फुली करायची आणि बटणांच्या फटीतून फक्त हूक बाहेर काढायचा, असं ठरवलंय. घामानं इलॅस्टिक लवकर सुटतं, नायलॉन काचतं. चामडं हवं, पण मऊ आणि न ताणणारं. अथणीला कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. त्यांच्यातल्या एकांना नमुना दाखवला. त्यांनी चामडं बोटांत वाकवून बघितलं, हूक कुठं येणार ते विचारलं, आणि म्हणाले की खांद्यावर पट्टा दीड बोट रुंद हवा, त्याहून अरुंद केला तर रुतेल. हुकाजवळ दुहेरी शिवण घालावी लागेल. मी त्यांना मामांच्या खांद्याचं माप पाठवलं आहे. तुळशीच्या लग्नाआधी पट्टा हातात आला, तर पहिल्या वरातीत मामांच्या वर्दीखाली तो असेल. जमला तर त्याची मापं आणि हुकाचा नकाशा मी इथंच देईन, म्हणजे निपाणी, चिकोडी, कारवारकडच्या कुणालाही आपल्या गावच्या चर्मकाराकडून तो करून घेता येईल.